कुंपणावरचा पहिला गुलाब

तोक्यो आणि त्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यात गुलाबाचा महिना म्हणजे मे. मोठ्या बागांचे गुलाबमहोत्सव तेव्हाच भरतात, स्टेशनांवर त्यांची पोस्टरं लागतात. किता वॉर्डातल्या क्यू-फुरुकावा बागेत, जोसाया काँडर या इंग्रज वास्तुविशारदाने आखलेल्या आणि १९१७ मध्ये पूर्ण झालेल्या दगडी बंगल्यासमोर, कॅमेरे घेतलेल्या माणसांची रीघ लागते. पण ज्यांच्या घरापुढे हातभर का होईना माती आहे, त्यांचा गुलाब एप्रिलमध्येच सुरू होतो. साकुरा झडून थोडेच दिवस झालेले असतात, सकाळच्या गाडीला जाताना अजून स्वेटर लागतो, आणि एखाद्या घराचं अख्खं कुंपण फिकट पिवळ्या बारक्या फुलांनी झाकून जातं. पानं शोधावी लागतात. हा मोक्कोबारा. एप्रिलचा हा गुलाब आणि मेचे गुलाब यांची घडणच निराळी आहे. ती एकदा कळली की घरच्या बागेतली निम्मी कामं कधी करायची आणि कधी हात आवरायचा, हे आपोआप कळतं.

आमचं घर चिबा प्रांतातल्या याचियो शहरात आहे. आधी आम्ही तोक्योतल्या निशी-कासाईला राहायचो. तिथे भाजी घ्यायला खाली उतरलं तरी मराठी कानावर पडतं, पण बाल्कनीत चार कुंड्यांपलीकडे काही करता येत नव्हतं. तोझाई लाइनच्या काही गाड्या पुढे थेट याचियोपर्यंत येतात. त्याच रुळांवरून पुढे सरकत आम्ही इथवर आलो. घर लहान, अंगण त्याहून लहान, आणि रस्त्याच्या बाजूला सिमेंटच्या ठोकळ्यांची जुनी भिंत. जून २०१८ मध्ये ओसाकाकडच्या भूकंपात ताकात्सुकी शहरातल्या एका शाळेची अशीच भिंत कोसळली आणि शाळेत निघालेली नऊ वर्षांची मुलगी तिच्याखाली गेली. त्यानंतर देशभर अशा भिंती तपासल्या गेल्या, आणि त्या पाडायला, त्यांच्या जागी झाडांचं कुंपण करायला अनेक नगरपालिका पैसे देतात. आमच्या गल्लीतल्या भिंतीही एकेक करून उतरल्या, त्यांच्या जागी लोखंडी जाळ्या आल्या. जाळी उघडी बरी दिसत नाही. शेजारच्या आजींनी त्यांच्या मोक्कोबाराच्या काड्या आणून दिल्या. म्हणाल्या, "याला काटे नसतात. शाळेतली मुलं जाता-येता हात लावतात, तर हाच बरा."

गुलाब आणि काटे नाहीत, यावर नाशिकला बाबांचा आधी विश्वासच बसेना. मग मी फांदीवर बोट फिरवत व्हिडिओ कॉलवर दाखवलं. काडी गुळगुळीत, हिरवी, लवचिक. थंडीतही पानं बरीचशी टिकून राहतात. मार्चच्या अखेरीस जुन्या काडीच्या प्रत्येक डोळ्यातून एक आखूड फुटवा निघतो, त्याला दोन-चार पानं येतात आणि टोकाला कळ्यांचा झुबका धरतो. कळी आधी हिरवट असते, मग तिच्या टोकाला पिवळी रेघ उमटते. फूल उमललं तरी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं, पण आत पाकळ्या ठासून भरलेल्या. पिवळ्याला वास अगदी हलका, नाक जवळ न्यावं लागतं. पांढरा मोक्कोबारा मात्र जवळून जाणाऱ्या माणसाला थांबवतो. त्याचा वास गोड आणि लांबवर जाणारा आहे. तरी कुंपणांवर पिवळाच जास्त दिसतो, कारण तो थंडीला अधिक चिवट आहे.

हे झाड मूळचं चीनचं. जपानमध्ये ते एदो काळात आलं. युरोपात दुहेरी पांढरा प्रकार १८०७ मध्ये विल्यम कर या माळ्याने चीनमधून लंडनच्या क्यू उद्यानाकडे पाठवला आणि जोसेफ बँक्स यांच्या पत्नीच्या नावावरून तो लेडी बँक्सचा गुलाब झाला. पिवळा त्यानंतर, १८२४ मध्ये पोचला. अमेरिकेतल्या ॲरिझोनात टूमस्टोन नावाचं जुनं खाणगाव आहे. तिथे १८८५ मध्ये लावलेलं पांढऱ्या बँक्सचं एकच झाड आज मोठ्या मांडवावर पसरलं आहे, आणि जगातलं सर्वांत मोठं गुलाबाचं झाड म्हणून त्याची नोंद आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण रोपवाटिकेत वीतभर कुंडीतला मोक्कोबारा बघून कोणालाही वाटतं की बाल्कनीत मावेल. मावत नाही. त्याला धावायला जागा लागते. गुलाबाला इथे मानही आहे: जपानी राजघराण्यात प्रत्येकाच्या नावाने एक वैयक्तिक चिन्ह असतं आणि त्यांच्या वस्तूंवर ते घालतात. राजकन्या माको यांचं चिन्ह मोक्कोबारा होतं; सम्राज्ञी मासाको यांचं हामानासु, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत वाढणारा रानगुलाब.

आता मूळ मुद्दा. काड्या देताना आजींनी एकच गोष्ट दोनदा सांगितली होती: "थंडीत सगळ्या गुलाबांना कात्री लावा, याला लावू नका." त्यांनी कारण सांगितलं नाही, त्यांच्या सासूबाईंनीही त्यांना सांगितलं नव्हतं. कारण असं आहे. मोक्कोबाराच्या एप्रिलमधल्या फुलाची कळी एप्रिलमध्ये तयार होत नाही. फुलं संपली की झाड लांबलचक नव्या काड्या सोडतं, त्या जून-जुलैभर वाढतात, आणि पावसाळा सरून ऊन तापलं की त्याच काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचं फूल गुपचूप बसतं. बाहेरून काही दिसत नाही. सगळी थंडी तो डोळा तसाच असतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जो माणूस नीटनेटकं कुंपण करायला म्हणून लांब काड्या छाटतो, तो तयार फुलं कचऱ्यात टाकतो. त्याचं झाड मरत नाही, उलट जोमाने पालवतं, आणि एप्रिलमध्ये नुसतं हिरवं राहतं. आमच्या भागात अशी हिरवीगार, एकही फूल नसलेली मोक्कोची कुंपणं दर वर्षी दिसतात. बहुतेक वेळा घर नवीन माणसांनी घेतलेलं असतं, किंवा छाटणीचं काम सरसकट कंत्राटावर दिलेलं असतं.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच पकडलं. "अगं, म्हणजे द्राक्षाच्या काडीसारखंच की!" आमच्या मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, मग उन्हाळ्यात येणाऱ्या काडीत सूक्ष्म घड तयार होतो, काडी पावसाळ्यात पक्व होते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो घड बाहेर पडतो. काडी नीट पिकली नाही किंवा तिच्यावर ऊन पडलं नाही, तर ऑक्टोबरात कितीही खत ओता, घड येत नाही. नाशिककडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मोक्कोचंही सगळं भवितव्य त्या एका उन्हाळ्यात ठरतं: काड्यांना ऊन मिळालं का, त्या एकमेकींत गुंतून अंधारात राहिल्या का, ऑगस्टच्या उकाड्यात मुळाशी ओल होती का.

मेमध्ये फुलणारे मोठे गुलाब याच्या अगदी उलटे. हायब्रिड टी, फ्लोरिबंडा, म्हणजे फुलवाल्याकडे मिळतात तशा लांब दांड्याच्या जाती, नव्या कोवळ्या फुटव्यावर फुलतात. फांदी वाढते, टोकाला कळी येते, फूल झडतं, खालच्या डोळ्यातून पुन्हा फांदी, पुन्हा कळी. तिथे कात्री हीच सुरुवात. गुलाबाच्या या दोन स्वभावांचं मूळ कुठे आहे, ते फ्रेंच आणि जपानी संशोधकांनी मिळून २०१२ मध्ये दाखवून दिलं. गुलाबात केएसएन असं नाव दिलेलं एक जनुक आहे. वसंतातला बहर सरला की ते फुलण्याला लगाम घालतं आणि झाडाला नुसतं वाढायला लावतं. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या रानगुलाबांत हा लगाम शाबूत आहे. चीनमधल्या एका जुन्या गुलाबात या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसला, लगाम सुटला, आणि झाड ऊब असेल तोवर फुलत राहिलं. कोणीतरी चिनी माळ्याने ते हेरलं आणि जपलं. जपानात ते कोशिनबारा म्हणून शेकडो वर्षांपासून आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे बारमाही चिनी गुलाब युरोपात पोचले. पुढे १८६७ मध्ये फ्रान्समध्ये गियो यांनी 'ला फ्रान्स' ही जात काढली, ती पहिली हायब्रिड टी मानतात. आज नाशिकच्या अंगणात, तळेगावच्या पॉलिहाउसमध्ये आणि माझ्या याचियोच्या वाफ्यात जे मोठे गुलाब आहेत, त्या सगळ्यांत ते सुटलेलं जनुक आहे.

म्हणून हा मोठा गुलाब ऋतूपेक्षा कात्रीचं ऐकतो. नाशिकच्या घरी दसरा झाला की बाबा गुलाबाचं पाणी तोडायचे. आठवडाभर ताण द्यायचा, मग माती उकरून मुळं थोडी मोकळी करायची, छाटणी घ्यायची, कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावायची, शेणखत आणि पेंड घालून पाणी सोडायचं. दीडेक महिन्यात पहिली फुलं. मार्गशीर्षातला गुलाब खरा, असं बाबा म्हणतात, आणि ते खरंच आहे: महाराष्ट्रात गुलाबाचा वसंत थंडीत येतो. रात्री गार, दिवसा ऊन कोवळं. पाकळ्या जाड होतात, रंग गडद उतरतो, फूल झाडावर आठवडाभर टिकतं. एप्रिल-मेमध्ये त्याच झाडाला फुलं येतात ती लहान, फिकी, दुपारी मान टाकणारी.

इथे सगळं पंचांग फिरतं. डिसेंबर-जानेवारीत झाड झोपलेलं असताना खत द्यायचं, त्याला इथे कांगोए म्हणतात. झाडापासून जरा लांब दोन-तीन खड्डे करून त्यांत कुजलेलं शेणखत, तेलबियांची पेंड आणि हाडांचं खत घालायचं. माती गार असल्याने ते सावकाश कुजतं आणि मार्चमध्ये मुळं जागी होतात तेव्हा तयार असतं. उरलेली जुनी पानं हाताने काढून टाकायची, कारण काळ्या ठिपक्यांचा रोग त्यांतच थंडी काढतो. मग फेब्रुवारीत छाटणी. बाहेरच्या बाजूला बघणारा, लालसर फुगलेला डोळा निवडायचा आणि त्याच्या किंचित वर तिरका काप घ्यायचा. झाड निम्म्यावर आणायचं. गारठ्यात कात्रीची मूठ हाताला चिकटल्यासारखी वाटते, पण दर वर्षी मला हेच काम सर्वांत आवडतं. झाडाचा सांगाडा उघडा असतो आणि प्रत्येक काडीचा इतिहास दिसतो. इथून फुलापर्यंत दीड महिना पुरत नाही. ऊब कमी, दिवस लहान. फेब्रुवारीच्या छाटणीला फूल यायला मेचा दुसरा आठवडा उजाडतो. बाबा मार्चभर विचारत राहतात, "अजून काही नाही?" आणि नेमका त्या रिकाम्या महिन्यांच्या शेवटी, मेच्या फुलांची वाट बघताना, मोक्को येतो. कित्येक महिने आधीच तयार असलेली कळी त्याच्याकडे असते, तिला नुसती ऊब हवी असते. इतरांना आधी फांदी वाढवायची असते.

मार्चमध्ये एक काम राहतं, ते केल्याशिवाय मेमध्ये चांगलं फूल मिळत नाही. एका डोळ्यातून दोन-तीन फुटवे एकदम निघतात. त्यांतला मधला जोमदार ठेवायचा, बाकीचे कोवळे असतानाच अंगठ्याने ढकलून काढायचे. जीव होत नाही, पण करावं लागतं. काही फुटव्यांना कळीच धरत नाही, टोक वाळून बसतं; असा आंधळा फुटवा खालच्या चांगल्या पानापाशी खुडला की बहुधा नवा फुटवा येतो, त्याला कळी धरते, आणि फूल उशिरा का होईना मिळतं. एप्रिलमध्ये रात्री एकदम गारठा पडला तर कोवळी पालवी जळते. इथले चहाचे शेतकरी रिश्शुन, म्हणजे फेब्रुवारीच्या चार तारखेच्या आसपास सुरू होणाऱ्या वसंतापासून अठ्ठ्याऐंशी रात्री मोजतात, आणि मेच्या पहिल्या दिवसांत त्या भरल्या की हिमाची भीती सरली असं मानतात. मीही तोवर कोवळ्या रोपांवर रात्री कापड टाकते.

एप्रिलच्या मध्यात मोक्को पिवळा होऊ लागतो तेव्हाच दुसऱ्या वाफ्यात मोठ्या गुलाबांच्या कळ्या काही मिलिमीटरच्या झालेल्या असतात, आणि नेमके तेव्हा सोंडे येतात. सोंडा हा दोन-तीन मिलिमीटरचा काळा किडा, पुढे लांब सोंड. मी पहिल्यांदा तो नीट बघितला तो चष्मा काढून, नाक कळीला टेकवून: कळीच्या देठाला सोंड आत खुपसून तो स्थिर बसला होता. एका छिद्रानंतर दुसरं. सकाळी टवटवीत असलेला शेंडा संध्याकाळपर्यंत मान टाकतो, दुसऱ्या दिवशी काळा पडून वाळतो. मादी त्या कळीत अंडी घालते. कळी गळून पडली की अळी जमिनीत उतरते आणि पुढच्या वसंतात पुन्हा सोंडा होऊन वर येते. म्हणून वाळलेले शेंडे आणि जमिनीवर पडलेल्या कळ्या वेचून पिशवीत बांधून टाकणं हाच खरा उपाय. किडा पकडायला गेलं की तो पाय आखडून खाली पडतो आणि मातीत दिसेनासा होतो. आधी खाली हाताची ओंजळ किंवा कागद धरायचा, मग फांदी टिचकवायची. त्याच सुमारास चुरेंजी नावाची एक माशी येते, पंख काळे, पोट नारिंगी. ती फांदीवर पोट टेकवून बसते आणि फांदीला चीर पाडत एका ओळीत अंडी घालते. अंडी घालताना ती इतकी गुंग असते की चिमटीत धरली तरी उडत नाही. ती चीर पुढे उकलते, फांदीवर कायमची खूण राहते, आणि हिरव्या अळ्यांचा थवा एका रात्रीत पानांच्या शिरा तेवढ्या ठेवतो. माव्याला मी फार घाबरत नाही; पाण्याची जोराची धार मारली की बराच जातो आणि ठिपकेवाले किडे येऊन उरलेला खातात.

मोक्कोला यांतलं फार काही होत नाही. भुरी नाही, काळे ठिपके क्वचित. जपानच्या दमट उन्हाळ्यात हा मोठाच गुण आहे. जूनच्या मध्यापासून महिनाभर पाऊस लागतो तेव्हा मोठ्या गुलाबांची खालची पानं पिवळी पडून गळू लागतात. मोक्को नुसता वाढत राहतो. ज्यांना फवारणी करायची नाही, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांना मी हाच लावा म्हणते. फक्त जाळी भक्कम हवी. टायफूनमध्ये पावसाने भिजलेल्या मोक्कोचं वजन आणि वारा मिळून कमकुवत खांब वाकवतात.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर शिनकावा नदी आहे. तिच्या काठाने मेच्या मध्यात पांढरे रानगुलाब फुलतात, नोइबारा. लहान पाच पाकळ्या, मोठे झुबके. कोणी लावलेले नाहीत, कोणी छाटत नाही. जगभरच्या बागांतल्या गुलाबांचं निम्मं गोत या झुडपाशी जुळतं. एका दांड्यावर फुलांचा गुच्छ येणं हा गुण आधुनिक गुलाबाला नोइबाराने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या बिया फ्रान्सला गेल्या, त्यांतून पॉलिअँथा जाती निघाल्या, आणि त्यांच्यापासून फ्लोरिबंडा. तोक्योत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या स्मिथ नावाच्या ब्रिटिश प्राध्यापकाने १८७८ मध्ये इथल्या बागेतला एक लाल वेलगुलाब मायदेशी पाठवला. १८९३ मध्ये तो 'क्रिम्झन रॅम्बलर' म्हणून बाजारात आला आणि युरोप-अमेरिकेतल्या कमानी त्याने भरून टाकल्या. किनाऱ्यालगत जमिनीवर सरपटणारा चकचकीत पानांचा आणखी एक रानगुलाब आहे, तेरिहा-नोइबारा. १८६१ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ माक्स विखुरा इथे आले होते, त्यांच्या नावाने तो पश्चिमेत ओळखला जातो. रोगाला दाद न देणाऱ्या बहुतेक वेलगुलाबांत त्याचं रक्त आहे. आणि जपानात विकत मिळणारं गुलाबाचं जवळजवळ प्रत्येक कलम नोइबाराच्याच खुंटावर डोळा भरून केलेलं असतं. मातीलगत डोळ्याच्या खालून लहान, फिक्या पानांचा फुटवा आला की तो खुंटाचा. तो मातीत बोट घालून मुळापासून उपटावा लागतो, नुसता कापला तर पुन्हा येतो आणि वरची जात उपाशी मारतो.

हा नोइबारा या प्रांताच्या आठवणीतही जुना आहे. 'मान्योशू' या आठव्या शतकातल्या काव्यसंग्रहात सीमेवर पहाऱ्याला निघालेल्या शिपायांच्या रचना आहेत. त्यांतला एक शिपाई काझुसाचा, म्हणजे आजच्या चिबाचाच. वाटेवरच्या काटेरी गुलाबाला शेंगेचा वेल बिलगावा तसं आपल्याला बिलगलेलं माणूस सोडून जायचं, एवढंच तो सांगतो. मी नदीकाठी चालताना ती काटेरी जाळी बघते तेव्हा मला तो शिपाई आठवतो. इतक्या जुन्या माणसाने गुलाब बघितला तो फुलासाठी नाही, रस्त्यात अंगाला लागणाऱ्या झुडपासाठी, हे मला फार जवळचं वाटतं.

जपानी माणसाच्या घरात आजचा मोठा गुलाब आणण्यात सेइझो सुझुकी यांचं नाव सगळ्यांत आधी घ्यावं लागतं. जन्म १९१३, मृत्यू २०००. तोक्योत तोदोरोकी इथे त्यांनी १९३८ मध्ये स्वतःची गुलाबाची बाग सुरू केली. युद्धानंतर केइसेइ या रेल्वे कंपनीने गुलाबांचं काम हाती घेतलं, त्याची संशोधनाची धुरा सुझुकींकडे आली आणि त्यांनी शंभराहून अधिक नव्या जाती दिल्या. तोक्यो ऑलिंपिकनंतर आलेली, पिवळसर पांढऱ्या पाकळीला लाल कड असलेली 'सेइका' त्यांचीच. केइसेइची बाग आमच्या याचियोतच आहे, सोळाशेच्या आसपास जातींची. मेमध्ये तिथे गर्दी होते, पण घरची बाग करणाऱ्याने खरं तर फेब्रुवारीत जावं. तिकीट कमी, माणूस नाही, आणि छाटलेले सांगाडे बघायला मिळतात. वेलगुलाबाच्या फांद्या आडव्या वाकवून कशा बांधल्या आहेत ते तेव्हाच दिसतं. फांदी उभी ठेवली तर फक्त टोकाला फूल येतं. आडवी केली की प्रत्येक डोळा जागा होतो.

हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामा शहराची गोष्टही इथे सांगायलाच हवी. ८ ऑगस्ट १९४५ च्या हवाई हल्ल्यात शहराचा बहुतेक भाग जळाला. १९५६ च्या सुमारास एका बागेजवळच्या लोकांनी मिळून हजारेक गुलाब लावले, आणि तिथून ती गोष्ट घराघरांत गेली. दहा लाख गुलाबांचं ध्येय शहराने २०१६ मध्ये गाठलं, त्यांत सार्वजनिक बागांइतकीच अंगणांतली, बाल्कनीतली झाडं मोजलेली आहेत. मे २०२५ मध्ये जागतिक गुलाब परिषद तिथेच भरली. परिषदेपेक्षाही मला त्या मोजणीत अंगणं धरली याचं मोल वाटतं.

आमच्या गल्लीतही फुलांचा मोठा भाग रस्त्याच्या बाजूला आहे. घरातून दिसतात ती पानं आणि काड्यांची पाठ. फूल उन्हाकडे, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघतं. त्यामुळे एप्रिलमध्ये ओळख नसलेली माणसं थांबून बोलतात. परदेशी बाईशी काय बोलावं हा प्रश्न फुलापुढे सुटतो: कोणती जात, कधी छाटता, काडी लागेल का. गोल्डन वीकच्या सुट्टीत पाकळ्या झडायला लागतात, आणि मोक्कोच्या पाकळ्या म्हणजे हजारोंनी. रोज सकाळी रस्ता झाडावा लागतो, आपल्या दारापुढचाच नाही, वारा जिथवर नेईल तिथवर. आजींकडून मी हे शिकले; त्या समोरच्या घराची पायरीसुद्धा झाडून येत.

महाराष्ट्रात मोक्को येईल का, असं बाबांनी विचारलं. पठारावर त्याला हवी तशी थंडी मिळणं कठीण. पानं येतील, बहराचा भरवसा नाही. त्यापेक्षा आपल्याच देशाच्या पूर्वेला बघावं. मणिपूरच्या डोंगरात रोझा जायगँटिया हा प्रचंड वेलगुलाब आहे, तोही वसंताच्या अगदी सुरुवातीला फुलतो. कोडाईकनालचे वीरराघवन दांपत्य अनेक वर्षं त्याच्या आणि दलदलीत वाढणाऱ्या भारतीय रानगुलाबाच्या, रोझा क्लिनोफिलाच्या संकरावर काम करत आलं आहे, उष्ण हवेत तग धरणारे गुलाब मिळावेत म्हणून. बाबांनी त्यांच्या जातींची चौकशी सुरू केली आहे. तोवर त्यांची दसऱ्यानंतरची छाटणी आणि माझी फेब्रुवारीची, अशी आमची दोन पंचांगं चालतात, आणि वर्षातले फार थोडे आठवडे असे जातात की दोन्हीकडे एकही गुलाब नाही.

या आठवड्यात मोक्कोची फुलं संपली. आता पावसाआधी त्याची छाटणी उरकायची. फुलून गेलेले आखूड फुटवे काढायचे, आतली वाळकी काटकुळी काढायची, एक-दोन म्हाताऱ्या जाड फांद्या बुंध्याशी कापायच्या, म्हणजे मोकळ्या जागेत नव्या काड्यांवर ऊन पडेल. जुलै उजाडला की कात्री बंद, ती थेट पुढच्या मेपर्यंत. नव्या काड्या लांब लोंबतात, वेड्यावाकड्या दिसतात, त्या दोरीने जाळीला आडव्या बांधून ठेवायच्या. कापलेल्या चांगल्या काड्या मी पाण्यात ठेवल्या आहेत. कोपऱ्यावरच्या घरात नवीन जोडपं आलंय, त्यांची भिंत मागच्या महिन्यात उतरली; त्यांना उद्या नेऊन द्यायच्या आहेत, आणि थंडीत हात लावू नका, हे कारणासकट सांगायचं आहे.